पहिलीच डर्ट बाइक आहे, २५० ची मोटोक्रॉस घेऊ की ट्रेल बाइक?

तुम्ही लिहिलंय उंची ५ फूट ५, वजन साठच्या आसपास, रस्त्यावर बरीच वर्षं बाइक चालवलीय पण मातीत कधीच नाही, जंगलातल्या पायवाटांवर फिरायचंय, आणि मन २५० सीसीच्या मोटोक्रॉसवर (म्हणजे ट्रॅकवरच्या रेससाठी बनवलेल्या गाडीवर) बसलंय. माझं मत विचाराल तर आत्ता ती नका घेऊ, ट्रेल बाइक घ्या, म्हणजे पायवाटांवर निवांत चालवायची साधी गाडी.

मुळात सीसी बघून काहीच कळत नाही. यामाहाची वायझेड २५० एफ पण २५० आणि होंडाची सीआरएफ २५० एफ पण २५०, पण पहिली शुद्ध रेसची मशीन आहे आणि दुसरी एअर कूल्ड (हवेनेच थंड होणारी, रेडिएटर नसलेली), शांत डोक्याची. पहिलीची सीट ९५ सेंटीमीटरच्या वर, दुसरीची ८८ च्या आसपास. तुमच्या उंचीला हा फरक लय मोठा आहे, कारण मातीत नवीन माणूस सारखा पाय टेकवतो, आणि चढावर गाडी बंद पडली आणि पाय खाली पोचलाच नाही तर गाडी आणि तुम्ही दोघंही आडवे. गंमत म्हणजे वजनाला रेसवालीच हलकी असते, म्हणून शोरूममध्ये स्टँडवरून उचलून बघितली की तीच सोपी वाटते आणि तिथेच लोक फसतात.

दुसरं म्हणजे पॉवर कुठे येते ते. मोटोक्रॉसचं इंजिन वरच्या आरपीएमला जागं होतं, पहिला गिअर उंच असतो, म्हणजे दगडधोंड्यातून हळू जाताना सारखा क्लच दाबत बसायचं, त्यात रेडिएटरला बहुतेकदा फॅन नसतो, हवा लागली नाही की कूलंट उकळतं. ट्रॅकवर उड्या मारायला ती भारीच आहे हो, पण तुम्ही जंगलातल्या पायवाटा म्हणताय. आणि मेंटेनन्स! रेसच्या गाडीचा हिशोब किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो, ऑइल थोड्याच तासांनी बदलायचं, पिस्टन सुद्धा मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांनी बदलायचा. ट्रेल बाइकला ऑइल, चेन आणि एअर फिल्टर वेळेवर केलं की ती मुकाट चालते (फिल्टर मात्र धुळीत चालवल्यावर दर वेळी बघाच).

कोणीतरी तुम्हाला १२५ टू स्ट्रोक घ्या म्हणालंय. वाईट नाही, शंभर किलोच्या आत, इंजिन साधं, पिस्टन घरी पण बदलता येतो. पण खालच्या आरपीएमला दम नसतो आणि मग एकदम झटका येतो, रेसमध्ये तिला २५० फोर स्ट्रोकसोबत उतरवतात, म्हणजे तीही रेसचीच मशीन. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं. दुसरी गाडी म्हणून मस्त.

पायवाटेपर्यंत पब्लिक रस्त्याने जायचं असेल तर मात्र वरच्या तिन्हीतली एकही नाही, लाइट, इंडिकेटर आणि नंबर असलेली ड्युअल स्पोर्टच लागेल, ती जड असते ते सोसावं लागतं.

सेकंडहँड बघायला गेलात तर आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड ठेवा, हात लावून बघा, गरम लागलं तर स्टार्टिंगचा काहीतरी लोचा लपवतायत समजा. एअर बॉक्स उघडा, फिल्टरच्या आतल्या बाजूला धूळ दिसली तर परत फिरा, ती धूळ सिलिंडरपर्यंत गेलेली असते. मागचं चाक धरून डावीउजवीकडे हलवा, खेळ आला तर बेअरिंग गेलीत, चाकाची किंवा स्विंगआर्मची (मागचं चाक धरणारा हलता दांडा). फोर्कवर (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांवर) ऑइलचा ओघळ असेल तर सील गेलंय, पण ते स्वस्तात होतं, त्यावरून सौदा मोडू नका, भाव पाडा.

आणि घेतल्यावर हेल्मेट, बूट वगैरे सगळं घालून गाडीवर बसा आणि सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजून घ्या. मागचं सस्पेन्शन एकूण ट्रॅव्हलच्या (जास्तीत जास्त जेवढं दबू शकतं त्याच्या) साधारण एक तृतीयांश दबायला हवं, आधीचा मालक नव्वद किलोचा असेल आणि त्याने कडक स्प्रिंग बसवली असेल तर तुमच्या वजनाला ती पुरेशी दबणारच नाही, त्यामुळे स्प्रिंग बदलायचा खर्च आधीच धरून चाला.