दिवसाचे दहा तास

प्रश्न : तास, मिनिट, सेकंद सोडून वेळ मोजायची वेगळी एककं कुणी खरोखर वापरली आहेत का?

उत्तर : हो तर! माझं सर्वांत लाडकं एकक म्हणजे फ्रान्सचा दशमान सेकंद. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, तिथे दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं आणि मिनिटाचे १०० सेकंद ठरले. भर दुपारी घड्याळात पाच वाजायचे! लोकांच्या ते अंगवळणी पडलं नाही आणि १७९५ मध्ये सक्ती उठली. मला याची आजही हळहळ वाटते, कारण तो सेकंद आपल्या ०.८६४ सेकंदाचा, म्हणजे आपल्या एका मिनिटात असे सुमारे साडेएकोणसत्तर. तुमचं पत्र वाचून मी मनगटावर बोट ठेवलं आणि घड्याळ लावून ठोके मोजले : ६९. जवळजवळ माझ्या नाडीचाच ताल.

१९९८ मध्ये स्वॉच कंपनीने दिवसाचे १००० ‘बीट’ केले. एक बीट ८६.४ सेकंदांचा, म्हणजे तेच जुनं फ्रेंच मिनिट.

अणुशास्त्रज्ञांचा ‘शेक’ मात्र फक्त १० नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात प्रकाश जेमतेम तीन मीटर जातो, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.