भाव पडले, उधारी अडकली, आता गाडीचा नाद सोडायचा का?

मी समुपदेशक, धंदा बसला की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो, माणूस बदलतो पण प्रश्न तोच. "मॅडम, घरचे म्हणतात हौसेचा खर्च बंद कर, त्यांचं बरोबरच आहे, पण बंद केलं तर कशातच जीव लागत नाही, मी स्वार्थी आहे का?" आमच्या भागात कुणाला टेनिस बॉल क्रिकेटचा नाद, कुणाला पटाच्या म्हणजे शर्यतीच्या बैलजोडीचा, कुणाला भजनी मंडळाच्या साउंड सिस्टीमचा. आज ज्याची गोष्ट सांगतेय त्याला कार ट्रॅकवर पळवायचा नाद. त्याची अन त्याच्या बायकोची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या बाजूचा तरुण, वडिलांचं कृषी केंद्र आता हाच बघतो. 2022 मधे कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, आठवत असेल, शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, दुकानाची उधारी पटापट वसूल झाली, त्याच वर्षी याने एक जुनी पोलो कार घेतली अन मित्रांसोबत कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर, गेला. हायवे चव्वेचाळीस दारावरूनच जातो, हैदराबाद, बंगळुरू, सेलम करत तिकडे. लोकांना वाटतं हा रेस लावतो, तर तसं नाही. ट्रॅक डेला फी भरायची, हेल्मेट घालायचं, बंद ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांची एकेक फेरी घ्यायची, बक्षीस वगैरे काही नसतं, आपला लॅप टाईम, म्हणजे ट्रॅकला एक चक्कर मारायचा वेळ, मागच्यापेक्षा एक सेकंद कमी आला की माणूस महिनाभर खुश.

पुढच्या वर्षी भाव उतरले. लोकांनी कापूस घरातच ठेवला, परत दहा हजार होईल या आशेवर, अन इकडे दुकानाची वही भरत गेली. मग सोयाबीन. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 अन बाजारात चार हजाराच्या आसपास मागणी, हमीभावाच्या केंद्रावर न्यावं तर सुरुवातीला 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत. शेतकऱ्याकडे नाही तर कृषी केंद्रवाल्याकडे कुठून येणार, कंपनीचं पेमेंट मात्र कुणी थांबवत नाही. गावातली मंदी ही अशी एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात उतरत जाते, शहरातल्या लोकांना ती दिसत पण नाही.

आधी बायको आली माझ्याकडे. म्हणाली, "ताई, पैशाचं मी समजून घेईन हो, पण हे रात्री साडेअकराला गाडी काढतात अन हायवेवर जातात. विचारलं तर म्हणतात टायर चेक करतो." मला खरी भीती इथे वाटली. ट्रॅकला जाणं परवडेना म्हणून बंद केलं, पण आतली ओढ तशीच, मग ती रस्त्यावर निघते. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, बिनलाईटची ट्रॅक्टर-ट्रॉली येत नाही, चूक झालीच तर मोकळी जागा असते, मार्शल झेंडा घेऊन उभा असतो. हायवेवर यातलं काही नाही अन सुसाट पळवणं हा गुन्हा आहेच. म्हणून तो आला तेव्हा पहिल्याच भेटीत मी एवढं एकच मागितलं, रात्रीचं हायवे बंद, बाकी सगळ्यावर आपण बोलू.

तो चिडूनच बसला होता. "मी दारू पेतो का मॅडम? जुगार खेळतो का? वर्षातून दोन-तीनदा जातो, तेही आता नाही." मी म्हटलं मला तुमचा नाद सोडवायचाच नाहीये, मला फक्त सांगा तिथे गेल्यावर काय होतं. जरा वेळ गप्प बसला अन मग जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. "वळणाच्या आधी ब्रेक कुठे दाबायचा एवढंच डोक्यात रायते. तेवढ्या वेळात उधारीची वही येत नाही डोक्यात." मग मात्र खूप बोलला. 2008 च्या मंदीत होंडा फॉर्म्युला वनमधून कशी बाहेर पडली, त्याच डिसेंबरात सुबारू अन सुझुकीने जागतिक रॅली स्पर्धा कशी सोडली, होंडाने सोडलेलीच टीम दुसऱ्या नावाने 2009 ला चॅम्पियन कशी झाली, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, होंडाने बाहेर पडतोय हे लपवलं होतं का? म्हणाला नाही, पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, अन 2015 ला इंजिन घेऊन परत आलेच की. म्हटलं मग तुम्ही मित्रांना काय सांगितलं? तर त्यांना दर वेळी वेगळं कारण. लग्न आहे, बाबांची तब्येत बरी नाही, दुकानात स्टॉक उतरायचाय. बायकोला सांगितलं गाडी विकायला काढलीये, काढली नव्हती. वडिलांना तर खर्चाचा आकडाच माहीत नव्हता.

माझ्या अनुभवात अशा घरात भांडण पैशाचं दिसतं पण पोखरते ती लपवाछपवी. खर्च कमी झालेला असतो तरी संशय वाढलेला असतो, कारण खरा आकडा कुणासमोरच आलेला नसतो. म्हणून आम्ही आकडे काढायला बसलो, तिघं, माझ्या टेबलावर, दुकानाच्याच कोऱ्या बिलाच्या मागे. त्याला वाटायचं ट्रॅकची फी महाग. लिहिल्यावर दिसलं की जाण्यायेण्याचं पेट्रोल, टोल, हॉटेल, टायर अन ब्रेक पॅड मिळून फीच्या कितीतरी वर जातं. अन न जाता पण चालूच असलेला खर्च वेगळाच, शेडचं भाडं, इन्शुरन्स अन टायरच्या सेटसाठी सीसीतून उचललेल्या पैशाचं व्याज. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, दुकानाचं बँकेतलं उचलीचं खातं, तिथे बायकोचा चेहरा बदलला, मी पाहिला.

हे सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं. मंदी आली की माणूस आधी जाणं बंद करतो, म्हणजे ज्याने जीव रमतो तेच कापतो, अन ठेवण्याचा खर्च तसाच राहू देतो. गाडी विकावी तर त्याच वेळी इतरांनी पण काढलेली असते, त्यात सस्पेन्शन वगैरे बदललेली गाडी साधं गिऱ्हाईक घेत नाही, आरटीओचा प्रश्न येतो. म्हणून घाईत मातीमोल विकू नका, पण नुसती उभी ठेवून व्याज पण भरू नका.

त्याच दिवशी बायकोने एक साधा प्रश्न विचारला, "तिथे गाडी ठोकली तर इन्शुरन्स देते का?" तो गप्प. साध्या कार पॉलिसीत रेसिंग अन स्पीड टेस्टिंग बसत नाही, ट्रॅकवर काही झालं तर सगळा खर्च आपल्याच खिशातून. चांगल्या दिवसात त्याने यावर विचारच केला नव्हता. हातात पैसा खेळता असताना जी जोखीम चालून जाते ती उधारीत बुडालेल्या घराला झेपत नाही, हे त्याला माझ्या सांगण्यापेक्षा त्या प्रश्नाने जास्त कळलं.

पुढच्या भेटीला वडिलांना बोलावलं. तो घाबरला होता. म्हातारा शांतपणे म्हणाला, "मले का सांगता बाई. माह्याजवळ पटाची जोडी होती. 2014 ले कोर्टानं पट बंद केले, तरी सात वर्षं चारा घातला म्या. लोकं म्हणत इकून टाक." मग पोराकडे वळून, "पण बैल शेणखत तरी देते बाप्पा. अन म्या दुकानाच्या गल्ल्याले हात नाही लावला." यावर कुणी काही बोललं नाही, बोलायची गरज पण नव्हती.

ठरलं ते असं. जास्तीचे टायर अन रिम विकून सीसीचे पैसे आधी भरायचे. शेड सोडायचं, गाडी घरच्या गोठ्याच्या बाजूला लावायची. गाडी ठेवायची की विकायची हे दिवाळीनंतरची वसुली बघून, दोघांनी मिळून. तोवर वर्षातून एकदा रेल्वेने जायचं, मित्राच्या गाडीत अर्धी फी देऊन दोन फेऱ्या घ्यायच्या, किंवा स्पर्धेत मार्शल म्हणून उभं राहायचं, क्लबवाल्यांना असे लोक लागतातच. कॉम्प्युटरवर स्टिअरिंग लावून चालवणं त्याला आवडलं नाही, ते सोडून दिलं. अन मित्रांच्या ग्रुपवर खरं लिहायचं. हे सगळ्यात जड गेलं त्याला. शेवटी एका रात्री लिहिलं, "धंदा टाईट आहे, यावर्षी नाही जमत." तासाभरात दुसऱ्या दोघांनी लिहिलं, आमचं पण तसंच आहे भाऊ. त्यातला एक अकोल्याचा, सरकी-ढेपचा व्यापारी, दोघं आता रविवारी फोनवर उधारी कशी वसूल करायची ते बोलतात.

एक मात्र वेगळं सांगते. छंद सुटल्याचं दुःख अन नैराश्य यात फरक आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, दुकान उघडावंसं वाटत नाही, "मी नसलो तर बरं" असं बोलणं सुरू झालं, तर गाडीचा हिशोब बाजूला ठेवा अन आधी डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा. 14416 हा सरकारचा टेली मानस नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्यात हे मी जरा जास्तच आग्रहाने सांगते, कारण इथे कितीतरी घरांनी उशीर काय असतो ते पाहिलंय.

याच्याबाबतीत तसं नव्हतं, दोन-तीन भेटींत झोप लागायला लागली. बायकोला अजून वाटतं गाडी विकावी, त्याला वाटतं थांबावं, अन यावर दोघं भांडतात, पण आता आकडे घेऊन भांडतात. पुढच्या भेटीला दुकानाची वही आणा म्हटलंय, कोणाची उधारी या हंगामात मागायची अन कोणाची पुढच्या वर्षावर सोडायची, ते बसून ठरवायचंय.