वस्तीत संघटना चालवणाऱ्या बाईने महापालिकेला अपक्ष उभं राहावं का?

तुम्ही लिहिलंय की पाणी आणि शौचालयांसाठी वस्तीत बरीच वर्षं संघटना चालवताय, आता बायकाच म्हणतायत ‘ताई, तुम्हीच उभ्या राहा’, आणि पक्षाचं तिकीट तुम्हाला नकोय. माझं मत विचाराल तर जरूर उभ्या राहा. आमच्या संघटनेच्या उमेदवाराचा प्रचार मी सांभाळलाय, त्यावरून सांगते. वस्तीतल्या मायेवर मतांचा हिशेब मात्र मांडू नका.

पहिली अडचण प्रभागाची. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून येतो. बाकीच्या महापालिकांत बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग असतो: अ, ब, क, ड. तुम्ही लढणार एका जागेवर, पण मतं मागायची अख्ख्या प्रभागात. म्हणजे तुमच्या वस्तीखेरीज पलीकडच्या सोसायट्या, चाळी, गावठाण सगळं आलं. पक्षाचे चौघं पॅनल करून फिरतात, चौघांचं पत्रक एक, चिन्ह एक. मतदार चारही वेळा तेच चिन्ह शोधतो. तुम्हाला चिन्ह मिळणार अर्ज माघारीची मुदत संपल्यावर, आणि मग हातात थोडेच दिवस उरतात. त्या दिवसांत भाषणं कमी करा. दारोदारी नमुना मतपत्रिका घेऊन जा आणि आपली जागा कुठली, आपलं चिन्ह कुठे, एवढंच बोट ठेवून दाखवा. ‘बाकीची तीन मतं तुमची तुम्ही ठरवा’ असं मोकळेपणाने सांगितलं की पक्षाची माणसंही ऐकून घेतात.

खरं काम मतदार यादीचं आहे, आणि ते निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडतात. राज्य निवडणूक आयोग त्यात नवीन नाव घालत नाही, त्यामुळे ज्याचं नाव विधानसभेच्या यादीत नाही त्याला प्रभागाच्या यादीतही मिळत नाही. लग्न होऊन आलेल्या सुना, भाड्याने राहणारी कुटुंबं, नुकतीच अठरा पूर्ण केलेली मुलं, यांपैकी ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही त्यांचे नाव नोंदणीचे नमुना 6, आणि ज्यांचं नाव दुसरीकडे आहे त्यांचे पत्ता बदलायचे नमुना 8 आत्ताच भरून घ्या. मग प्रारूप, म्हणजे कच्ची यादी लागली की हरकतींसाठी मोजके दिवस असतात. त्या दिवसांत गल्लीतल्या पोरींना यादी घेऊन घरोघरी पाठवा. एखादी अख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात गेलेली तेव्हाच सापडते, नंतर सापडून उपयोग नाही. पैशाने हे काम नीट होत नाही, कारण कोण कुठे राहतं हे तुमच्या बायकांना पाठ असतं. अपक्षाकडे याहून मोठी ताकद नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

अर्ज भरण्याआधी वकिलाला एकदा कागद दाखवा. कराची थकबाकी आणि अपत्यांचा नियम बहुतेकांना माहीत असतो. वस्तीतल्या कार्यकर्त्यांना अडचणीत आणणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. महापालिकेच्या कंत्राटात तुमचा थेट किंवा आडून हितसंबंध असेल, तर अपात्रता येऊ शकते. तुमच्या बचत गटाकडे शौचालयाच्या देखभालीचं काम असेल तर ते आधी तपासून घ्या. अनधिकृत बांधकामावरूनही नगरसेवकपद जाऊ शकतं, त्यामुळे घरावर मजला चढवलेला असेल तर तेही लपवू नका. राखीव जागा असेल तर जात पडताळणीच्या कागदांना आजच लागा.

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून एकाच माणसाकडे द्या. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलात तरी. न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. निवडून आलात तर सभागृहात तुम्ही एकट्या असाल. पैशाचे निर्णय बहुतांशी स्थायी समितीत होतात, तिथे मुंबई सोडली तर जागा 16, आणि त्या पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात. एकट्या अपक्षाला तिथे शिरकाव मिळणं फार अवघड. म्हणून तुमची ताकद पुढेही बाहेरच राहणार, मोर्च्यात आणि निवेदनात. तो मोर्चा तुमच्याशिवाय निघेल का? आज प्रत्येक फोन तुम्हालाच येत असेल, तर अर्ज भरण्याआधी संघटनेचं अध्यक्षपद दुसऱ्या बाईकडे सोपवा, आणि उद्या नगरसेविका झालेल्या तुम्हालाच तिने जाब विचारला तरी चालेल, असं बैठकीत सगळ्यांसमोर बोला. कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, पण बहुतेक शहरांत ती भरतच नाही. तुम्ही ती वस्तीत भरवायचं वचन द्या, आणि कधी भरवणार तेही पत्रकात छापा.

पक्षाने बोलावलं तर काय, असंही तुम्ही विचारलंय. बोलावतीलच, विशेषतः माघारीच्या शेवटच्या दिवशी. कुणी पद देऊ करेल, कुणी नातेवाईक पुढे घालेल, कुणी दम देईल. माघार घ्यायची की नाही हे बैठकच ठरवेल, असा ठराव आधीच करून ठेवा. त्या दिवशी फोन दुसऱ्या कुणाकडे द्या आणि दुपारी तीनपर्यंत बायकांच्या घोळक्यातच बसा.