‘आजी, अजून चान्स आहे!’

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत असतो. तिकडच्या फुटबॉलचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळतात त्या खेळाचं, त्याला वेड आहे. त्याच्या संघाचे आठ सामने झाले. तीन जिंकले, पाच हरले. तरी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सांगतो, ‘आजी, अजून चान्स आहे, प्लेऑफला जाणार!’ यात तथ्य किती आणि पोराची हौस किती, हे कसं ओळखायचं? आणि आयपीएलसारखा नेट रनरेट तिकडे असतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नातवाला खोटं पाडायची घाई करू नका. मी केली होती.

२०२२च्या दिवाळीला मी लेकीकडे फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलला होतो. ३० ऑक्टोबरच्या रविवारी तिथल्या जग्वार्सचा सामना लंडनला वेम्ब्लीवर होता, म्हणून घरात सकाळी साडेनऊलाच टीव्ही लागला. डब्यात उरलेला चिवडा आणि चहा घेऊन आम्ही बसलो. डेन्व्हरकडून १७-२१ असे हरले. आठ सामन्यांत दोन विजय, सहा पराभव. नातू हिरमुसला. मी पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. त्याला म्हणालो, ‘बाळा, हे खातं आता बुडीत धर.’

जावई काही बोलला नाही. त्याने आठही सामन्यांचे गुण एका कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवले. मी सवयीने बेरीज मारली. केलेले गुण १७२, दिलेले १५८. सहा वेळा हरलेला संघ बेरजेत १४ने पुढे! परत बेरीज केली, तीच आली. दोन विजय होते २४-० आणि ३८-१० असे दणदणीत, आणि सहाही पराभव ४ ते ८ गुणांचे. या खेळात टचडाउनचे (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की) ६ आणि त्यावर फार तर २ मिळतात, म्हणजे ८ गुणांचं अंतर एका चढाईत भरून निघू शकतं. सहाच्या सहा सामने एकेका चढाईने हुकले होते.

मग रात्री जावयाने त्यांच्याच गटातल्या टेनेसी टायटन्सचा कागद काढला. सातपैकी पाच विजय, गटात अव्वल. बेरीज : केलेले १३२, दिलेले १३८. बफेलोने एकदा ४१-७ असं धुतलं होतं आणि जिंकलेले सामने, एक ९ गुणांचा सोडला तर, सगळे थोडक्यातले.

थोडक्यातल्या सामन्यांत नशीब फार चालतं, आणि ते सहसा मोसमभर एकाच घरी राहत नाही. सहसाच. त्याच वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्जनी ४२४ गुण केले, ४२७ दिले, आणि तरी १७पैकी १३ सामने जिंकले! पुढे प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांना ३१-२४ असं घरी बसवलं.

आता गटाचं. एकूण संघ ३२, त्यांचे दोन अर्धे म्हणजे दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार-चार संघांचे चार गट. गट जिंकणारे चार आणि उरलेल्यांतले सर्वांत चांगले तीन, असे एकेका कॉन्फरन्समधून सात संघ पुढे जातात. त्यामुळे ‘किती जिंकले’ यापेक्षा ‘कोणाच्या गटात जिंकले’ हे आधी विचारायचं. २००८मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्स १६पैकी ११ जिंकून बाहेर राहिले (तेव्हा जागा कमी होत्या, पण तरीही!). २०२०मध्ये वॉशिंग्टनचा संघ ७ विजय, ९ पराभवांवर गट जिंकून आत गेला. पहिल्याचा शेजार तगडा, दुसऱ्याचा गरीब.

गटातले संघ एकमेकांशी दोनदा खेळतात. जग्वार्स आणि टायटन्स यांचे आपसातले दोन्ही सामने त्या ऑक्टोबरात शिल्लक होते. हे मी पाहिलंच नव्हतं. जग्वार्स पुढे ४-८पर्यंत (चार विजय, आठ पराभव) घसरले आणि मग सलग पाच जिंकले, त्यांत टायटन्सवरचे दोन. टायटन्स ७-३वरून सलग सात हरले. डिसेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, रायन टॅनेहिल याचा घोटा दुखावला, आणि ७ जानेवारीच्या निर्णायक सामन्यात अडीच आठवड्यांपूर्वी संघात आलेला जोशुआ डॉब्ज खेळवावा लागला. जग्वार्स २०-१६ने जिंकले, ९-८वर गट त्यांचा. घोटा मात्र कुठल्याच बेरजेत दिसत नाही, तेवढं सोडून द्यायचं.

‘उरलेले सामने सोपे की अवघड’ यावर तिकडे तासन् तास चर्चा चालते. मी तिला फारशी किंमत देत नाही. ऑक्टोबरात सोपा वाटणारा जग्वार्स त्या शेवटच्या पाच सामन्यांत कोणाला सोपा गेला?

तेव्हा नातवाला विचारा, पाच पराभव किती-किती गुणांचे? गटात पहिला कोण, आणि त्याच्याशी किती सामने बाकी आहेत? पराभव वीस-वीस गुणांचे असतील तर पोराची हौस आहे, तिच्यात मोडता घालू नका. चार-पाच गुणांचे असतील आणि पहिल्याशी दोन्ही सामने बाकी असतील, तर तो खरं बोलतोय.

नेट रनरेटसारखं काही आहे का? गुणांचा फरक तिथे मोजतात, पण फार खालच्या पायरीवर. दोन संघ बरोबरीत आले की आधी पाहतात, आपसात कोण जिंकलं. २०२२मध्येच डेट्रॉइट लायन्स १-६वरून ९-८पर्यंत आले, सिॲटल सीहॉक्सही ९-८. पण ऑक्टोबरात सिॲटलने डेट्रॉइटमध्येच ४८-४५ असा सामना काढला होता, म्हणून जागा सिॲटलला. शेवटच्या रविवारी लायन्सचा सामना रात्री होता आणि ते बाहेर पडल्याचं त्याआधीच ठरलं होतं. समोर ग्रीन बे पॅकर्स, जिंकले तर ते आत. लायन्सनी त्यांना २०-१६ हरवलं.