नाव न घेता, पण नेमकी: शाळा उघडताना मुलांसाठी प्रार्थना

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे आठवडा-पंधरवडा उशिराने. त्याआधीचा रविवार अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) मुलांच्या प्रार्थनेचा असतो. या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरतात: ज्या लेकरांना प्रार्थनेची सगळ्यांत जास्त गरज, तीच त्या दिवशी खाली मान घालून उभी असतात. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: शाळेआधीच्या रविवारी आम्ही मुलांना पुढे बोलावतो. पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि लगेच गरजू मुलांना वह्या-दप्तरे वाटतो. ज्यांना वाटप होते ती मुले पुढच्या वर्षी उपासनेला येईनाशी होतात. आमचे काय चुकते?
– महिला मंडळाच्या एक कार्यकर्त्या, श्रीरामपूर तालुका

उत्तर: प्रार्थना आणि वाटप एका जागी आले, हेच चुकते. सातवीतल्या मुलाला सगळ्या मंडळीसमोर दप्तर घ्यायला पुढे यावे लागले, की वर्गमित्रांच्या लेखी तो ‘दप्तर मिळालेला’ होतो. प्रार्थनेतला एकही शब्द त्याच्या लक्षात राहत नाही, दप्तर घेऊन जागेवर परतलेली ती दहा पावले मात्र राहतात.

वाटप उपासनेतून काढून टाका. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघींनी घरी जाऊन आईच्या हातात वस्तू द्या, मुलाच्या हातात नको. फोटो काढू नका. काय लागते ते आधी विचारा. शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. अडते ते वह्या, कंपासपेटी, बूट, छत्री, रिक्षाचे पैसे आणि दहावीच्या फॉर्मची फी यांवर. वह्या सगळ्या एकदम देऊ नका. जूनमध्ये दिलेल्या वह्या दिवाळीपर्यंत भरतात आणि दुसऱ्या सत्रात मूल जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत बसते. निम्म्या जूनमध्ये, निम्म्या दिवाळीच्या सुटीनंतर.

आता उपासनेतली प्रार्थना. पंधरा मिनिटे पुरतात. सुरुवातीला मार्क १०:१३-१६ वाचा. त्या उताऱ्यात लेकरांना अडवणारे कोण आहेत ते पाहा: खुद्द शिष्य. मोठ्यांनी त्या दिवशी आधी स्वतःकडे पाहावे ते यासाठी. मग अंगणवाडीपासून कॉलेजपर्यंतच्या सगळ्या मुलांना आपापल्या जागीच उभे करा. त्यांच्याबरोबर शिक्षक, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि मुलांना ने-आण करणारे रिक्षावालेही उभे राहोत. सगळेच उभे असले की कुणी वेगळा दिसत नाही. तिघांनी दीड-दीड मिनिट प्रार्थना करावी: एकाने मुलांसाठी, एकाने शिक्षकांसाठी, एकाने घरांसाठी. त्यानंतर दोन मिनिटे शांतता. या शांततेत प्रत्येक मोठ्या माणसाने आपल्याला माहीत असलेल्या एका लेकराचे नाव मनातल्या मनात देवापुढे घ्यावे. नावाची जागा तिथे आहे, माइकवर नाही. शेवटी मुलांनीच सुरुवात करून सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी.

उपासना मोबाइलवरून थेट दाखवत असाल, तर तेवढी पंधरा मिनिटे कॅमेरा बंद ठेवा. ज्या मुलाचे प्रकरण बालकल्याण समितीपुढे किंवा न्यायालयात आहे, त्याचे नाव, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. भक्तिभावाने केले म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

प्रश्न: वर्षभर प्रार्थना चालावी म्हणून आम्ही मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या घरोघर देणार आहोत. पद्धत बरोबर आहे ना?
– शब्बाथशाळेचे शिक्षक, जालना

उत्तर: चिठ्ठी द्या, पण तीवर नाव घालू नका. पोस्टकार्डाच्या पाव आकाराचा कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: एक आकडा, साधारण वय आणि एक गरज. उदाहरणार्थ: ‘७. दहा-अकरा वर्षे. वाचन अडखळते, वर्गात बोलत नाही.’ सातवा क्रमांक कुणाचा, हे पाळक आणि आणखी एक जबाबदार बाई एवढ्या दोघांनाच ठाऊक असावे. ती यादी कागदावरच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

छोट्या गावात इथेच घोळ होतो. ‘पाचवी, वडील वारले’ एवढे लिहिले तरी सगळ्या गावाला मूल कळते. मंडळीत वीसपेक्षा कमी मुले असतील तर घरची परिस्थिती अजिबात लिहू नका, फक्त शाळेतली गरज लिहा. वडिलांची दारू, आईचे आजारपण, कर्ज यांतले काहीही चिठ्ठीवर येता कामा नये. चिठ्ठी देवळीत, पवित्र शास्त्रात, फ्रीजवर कुठेही राहते आणि पाहुणे वाचतात.

एका चिठ्ठीला दोन घरे द्या. एक घर थकले, गावाला गेले, तर दुसरे असते. एका घराला पाच चिठ्ठ्या मात्र देऊ नका; ऑगस्टपर्यंत त्या पाचही पुस्तकात दबून जातात. दिवाळीला चिठ्ठ्या परत घेऊन जाळा आणि गरज बदलली असेल तर नव्या लिहा. तेव्हा पाळकांनी त्या घरांना एवढे जरूर सांगावे: ‘सात नंबर आता धडा मोठ्याने वाचतो.’ प्रार्थना करणाऱ्यालाही बातमी लागते.

प्रश्न: आमच्याकडची बरीच मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. जूनमध्ये प्रार्थना करतो आणि दिवाळीनंतर वर्ग ओस पडतो. मनाला फार लागते.
– तरुण संघ, पाथर्डी तालुका

उत्तर: तुमच्या मुलांचा कसोटीचा महिना जून नाहीच. त्यांच्यासाठी प्रार्थनेचे वर्ष कारखान्याच्या हंगामावर बेतायला हवे.

जूनमध्ये नाव पटावर येणे आणि मूल रोज वर्गात बसणे यासाठी प्रार्थना करा. खरे काम सप्टेंबरमध्ये सुरू होते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली गेली की या हंगामाला घर जाणार हे नक्की होते. त्या वेळी घरोघर जाऊन विचारा: मूल मागे राहू शकते का? आजी आहे का? शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होणार का? ती सोय शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत मागितली तरच वेळेत उभी राहते. दिवाळीनंतर मागून उपयोग नसतो. म्हणून सप्टेंबरची प्रार्थना मुख्याध्यापक आणि समितीच्या सदस्यांसाठी करा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना भेटा.

मूल जाणारच असेल, तर निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायला लावा. ते हातात असले की कारखान्याजवळच्या शाळेला त्याची इयत्ता आणि प्रगती कळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. हे आईबापांना दोनदा, सावकाश सांगा. कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) पोहोचल्यावर नव्या गावात शाळेच्या दारात उभे राहायला त्यांना भीती वाटते.

निघण्याच्या रात्री ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, कोंबड्या चढत असतात. तिथे लांबलचक प्रार्थना नको. दोन वाक्ये म्हणा आणि कार्ड पिशवीत आहे का ते पाहा. मोठ्या मुलींसाठी वेगळी प्रार्थना करा, कारण बारा-तेरा वर्षांची मुलगी बहुधा तान्हे भावंड सांभाळायला नेली जाते आणि तिची शाळा तिथेच सुटते. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मुले परततात. तो दुसरा ‘जून’ समजा. गावात बालरक्षक म्हणून (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याचे) काम करणारे शिक्षक असतील तर त्यांच्याबरोबर यादी घेऊन बसा: कोण परत आले, कोण नाही.

प्रश्न: अशा मुलांसाठी प्रार्थना करताना शब्द सुचत नाहीत. ‘बिचाऱ्या लेकरांना आशीर्वाद दे’ याच्यापुढे गाडी जात नाही.
– एक आजी, सोलापूर

उत्तर: ‘बिचारा’, ‘अनाथ’, ‘दुर्दैवी’ हे शब्द टाळा. मूल ऐकत असते. ‘पहिला नंबर येऊ दे’ हेही नको. बाकीच्या चाळीस मुलांचे काय? शाळेचा एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर आणा, मागण्या आपोआप सुचतील. नमुन्यादाखल ही प्रार्थना देतो, हवी तशी बदला:

‘हे पित्या, वर्गाच्या दाराशी थांबून कुठे बसावं हे ज्या लेकराला कळणार नाही, त्याला शेजार दे. ज्याचा डबा रिकामा आहे, त्याची भूक कुणाच्या तरी ध्यानात येऊ दे. वाचता येत नाही हे जे लपवतं, त्याला न मारता, न हिणवता शिकवणारे गुरुजी दे. ज्या मुलीला घरकामासाठी घरी ठेवतील, तिच्या दारात जाऊन विचारण्याचं धैर्य आम्हांला दे. आणि ज्याच्या मनात सांगता न येणारं काही आहे, त्याला ऐकणारं माणूस दे. ते माणूस आमच्यापैकी असेल, तर आमचे कान उघड. येशूच्या नावाने मागतो. आमेन.’

वाचायला एक मिनिटही लागत नाही. रोज एकच वाक्य घेतले तरी सहा दिवस पुरते.

प्रश्न: प्रार्थनेनंतर एका मुलीने आमच्या भगिनीला सांगितले की एक नातेवाईक तिच्याशी वाईट वागतो. ‘हे फक्त प्रार्थनेत ठेवा, कुणाला सांगू नका,’ असे तिने म्हटले आहे. शब्द पाळावा का?
– नाव प्रसिद्ध करत नाही

उत्तर: नाही. हे पत्र छापण्याची वाट न पाहता आम्ही उत्तर कळवले आहे. इतरांसाठी ते इथे देतो.

‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीच देऊ नये. म्हणावे: ‘तू सांगितलंस हे फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला जपण्यासाठी जेवढ्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच मी सांगेन.’ खोदून विचारू नका. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. तिने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवा. मग १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवा. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. पाळक आणि मंडळीचे वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) हेही याला अपवाद नाहीत.

सगळ्यांत घातक चूक म्हणजे त्या नातेवाइकाला बोलावून ‘समेट’ करणे आणि क्षमेची प्रार्थना करणे. त्याने तो सावध होतो आणि मुलीचे तोंड बंद होते. तिच्यासाठी प्रार्थना जरूर करा. फोन आधी करा.

प्रश्न: शेजारच्या हिंदू आणि मुस्लिम मुलांसाठीही आम्ही प्रार्थना करावी काय? त्यांच्या शाळेत जाऊन केली तर?
– वसई

उत्तर: घरी, मनात, अवश्य करा. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून किंवा त्याला उभे करून करायची असेल, तर आधी आईवडिलांना विचारा आणि ते नको म्हणाले तर तिथेच थांबा. शाळेत नको. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत सामील करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २८(३) सांगते. ख्रिस्ती संस्थेच्या शाळेलाही ते लागू आहे.

प्रश्न: माझा नातू दहावीला दोन विषयांत राहिला. मुलांच्या रविवारी तो चर्चला यायला तयार नाही.
– मिरज

उत्तर: त्याला ओढून आणू नका. दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो आणि पुरवणी परीक्षाही आहे. त्याच्या शाळेत जाऊन फॉर्मची शेवटची तारीख याच आठवड्यात विचारा. तो जेवत नसेल, झोपत नसेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. तुम्ही स्वतःही फोन करून काय करावे ते विचारू शकता. आणि त्या रविवारी घरीच त्याच्याजवळ बसा. प्रार्थना त्याच्या देखत करायची असेल तर त्याला विचारून करा, आणि तीत मार्कांचा विषय काढू नका.