लोकरीच्या ऑर्डरी, भरलेलं घर आणि पार्सलचं 'वजन'

तुमची पोस्ट वाचताना मान डोलावत होते. घरात पाहुण्यांचा राबता, मुलांना सुट्ट्या, हातात विणकामाच्या ऑर्डरी, म्हणजे टोप्या, बाहुल्या आणि एका बाळाचं ब्लँकेट, आणि त्यात विचारताय, "अजून दोन ब्लँकेटांची ऑर्डर घेऊ का?" नका घेऊ.

कोणती सुई, कोणते टाके हे तुम्हाला सांगायला नको, फोटोतला हात सराईत दिसतोय. माझं बोलणं त्या पुढच्या टप्प्याबद्दल आहे. विणून झाल्यावर वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत काय होतं, ते कोणी सांगत नाही. माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं.

ऐन हंगामात एक मोठं ब्लँकेट परगावी पाठवायचं होतं. वजन 900 ग्रॅम. छान चौकोनी खोक्यात, कागदात गुंडाळून पार्सल कचेरीत नेलं. खिडकीवरच्या माणसाने काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, पैसे घेतले, पावती दिली. टेपने माप घेतलं नाही, काही विचारलं नाही. पार्सल पुढच्या केंद्रात गेलं आणि तिथेच बसलं. मला फोन नाही की मेसेज नाही. ज्यांना भेट द्यायची होती त्यांचा समारंभ तोंडावर आला तेव्हा गिऱ्हाइकानेच विचारलं, "निघालंय ना?" मग चौकशी सुरू. खिडकी म्हणे केंद्राला विचारा, केंद्र म्हणे जिथे दिलंत तिथे विचारा. शेवटी कळलं की तिथे मापाने वजन धरतात आणि फरक भरायचा राहिलाय.

तो हिशोब पाठच करून ठेवा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी 5000 ने भागायचं. काही जण 4000 ने भागतात, काही 6000 ने, त्यामुळे आधी विचारा. माझं खोकं 40 × 30 × 25, म्हणजे 30000. भागिले 5000, झाले 6 किलो! खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे. लोकर हलकी आणि फुगीर, त्यामुळे या नियमात आपण हमखास सापडतो. नियमाबद्दल माझी तक्रार नाही, ट्रकमध्ये जागा तर अडतेच. पण खिडकीवर बसलेल्या माणसाला तो ठाऊक नसावा? आणि अडकवून ठेवलंत तर एक फोन करायला काय हरकत होती? वर उत्तर काय, तर "नियम वेबसाइटवर आहे". फरक भरला, ब्लँकेट पोचलं समारंभानंतर, गिऱ्हाइकाने परत पाठवलं, आणि परतीलाही पुन्हा 6 किलोच धरले. असो. लिहितानाही डोकं तापतं.

तेव्हापासून ब्लँकेट खोक्यात जात नाही. घट्ट घडी, आत पाणी न शिरणारी पिशवी, हवा दाबून काढलेली, वरून कुरिअरची जाड पिशवी. तेच ब्लँकेट 35 × 25 × 8 मध्ये बसतं, म्हणजे 1.4 किलो. माप मात्र सगळ्यात फुगलेल्या जागी घ्या, तेही तिथेच घेतात. लोकर दबली तरी उघडून पसरली की पुन्हा फुलते. उशा विकत असाल तर नुसतं कव्हर पाठवा, आतला कापूस गिऱ्हाईक भरेल. बाहुल्यांना हे लागू नाही, त्यांची नाकं बसतात, त्यांना बेताचं खोकं हवंच. आणि पावतीवर मापं लिहून घ्या. खिडकीवरचा कंटाळला तरी घ्याच.

(सेवा बदलली की नियम बदलतात, तेव्हा माझे आकडे ब्रह्मवाक्य समजू नका.)

आता ब्लँकेट का नको. रिकाम्या घरातला तुमचा वेग या दिवसांत धरूच नका. दर चार ओळींना कोणीतरी हाक मारणार आणि टाके पुन्हा मोजावे लागणार. "मग छोटे चौकोन विणून जोडायचं ब्लँकेट करते, कुठेही बसून होतं" असं वाटेल. होतं, पण 100 चौकोन, प्रत्येकात तीन रंग, प्रत्येक रंगाची दोन टोकं, म्हणजे 600 टोकं सुईने आत लपवायची. जोडणी वेगळीच. माझं स्पष्ट मत, गर्दीच्या दिवसांत एका बैठकीत संपणारं तेवढंच घ्यावं: टोप्या, कानपट्ट्या, छोट्या पिशव्या. बाहुलीचे हातपाय गप्पा मारताना होतात, चेहरा मात्र घर झोपल्यावर करावा. काहींना हे पटणार नाही, मोठ्या ऑर्डरीतच पैसा आहे म्हणतील. असेलही.

तुम्ही विचारलं नाहीये, पण फोटोत बाहुलीला प्लास्टिकचे डोळे दिसले. तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर ते काढून टाका आणि डोळे दोऱ्याच्या भरतकामाने करा. पाकिटावर 'सेफ्टी' लिहिलेलं असलं तरी ओढून निघालेला डोळा तोंडातच जातो.

लोकर एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, आणि एक गुंडा जास्तच घ्या. लेबलावर लॉटचा नंबर असतो. दिव्याखाली सारखा वाटणारा रंग उन्हात पट्टा पडल्यासारखा वेगळा दिसतो.

धुण्याची चिठ्ठी प्रत्येक वस्तूला जोडा. खरी लोकर गरम पाण्यात साबण लावून घुसळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि टोपी बाहुलीच्या मापाची होते. ती परत मोठी होत नाही. अ‍ॅक्रिलिक असेल तर तसं लिहा आणि त्यावर इस्त्री टेकवू नका म्हणून सांगा, ते लोळागोळा होऊन कायमचं चपटं पडतं. आणि ओलसर माल पॅक करू नका. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी धरूनही हाताला कोरडी लागते. धुतल्यावर सपाट पसरून, कोरडी वाटल्यावरही एक दिवस जास्त ठेवा.

आधी घेतलेल्या त्या ब्लँकेटची घडी करून लांबी-रुंदी-जाडी इथे टाका, कुठल्या पिशवीत बसेल ते सांगते. आणि गिऱ्हाइकाला तारीख देताना 'पोचेल' म्हणू नका, 'माझ्याकडून निघेल' म्हणा.