सतरा वर्षांच्या मुलाने सही केलेला भाडेकरार पाळावाच लागतो का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: भाच्याने पुण्यात खोली घेतली, अकरा महिन्यांच्या कागदावर सही केली तेव्हा त्याला अठरा पूर्ण नव्हती. तीन महिन्यांत खोली सोडली, आता मालक उरलेल्या आठ महिन्यांचं भाडं मागतायत. मालक आजोबा विसराळू आहेत, तर त्या मुद्द्यावरही करार मोडता येईल का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

मी नारायण पेठेत भाडेकरार करून देतो, वकील नाही. पण ते आठ महिने भाचा देणं लागत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञान व्यक्ती करारच करू शकत नाही. (अज्ञान म्हणजे अठराच्या आतली. सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ असतं ना, त्यातला ‘अ’ हाच.) कलकत्त्याच्या धर्मदास घोषने अज्ञान असताना घर गहाण टाकून कर्ज घेतलं होतं. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) सांगितलं, असा करार मुळातच नाही. तेव्हापासून तेच चालत आलंय. अठरा झाल्यावर ‘मला मान्य’ म्हणूनही तो जिवंत होत नाही.

भाचा जे तीन महिने खोलीत राहिला, त्यांचं भाडं मात्र देऊन टाका. गरजेच्या गोष्टी पुरवल्या तर त्याचे पैसे अज्ञान मुलाच्या मालमत्तेतून मागता येतात, कलम 68. डोक्यावरचं छप्पर गरजेचंच. डिपॉझिटमधून तेवढे वळते करायला सांगा, बाकीचे परत मागा. आणि कागद नीट बघा: भाडेकरू म्हणून मुलाच्या वडिलांची सही असेल, तर वरचं सगळं विसरा.

आजोबांचा मुद्दा मात्र सोडून द्या. वयाच्या बाबतीत कायदा जन्मतारीख बघतो, मनाच्या बाबतीत सहीची वेळ. कलम 12 विचारतं एवढंच: त्या वेळी व्यवहार समजत होता का, आपलं भलंबुरं ठरवता येत होतं का? एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही भानावर असताना करार करू शकतो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मुलगा मला म्हणाला, “बाबांना काही कळत नाही, अंगठा घेऊन टाका.” मशीन अंगठा घेईना. बाबांनी तो धोतराला पुसला आणि विचारलं, “पण लाइटबिल कोण भरणार, ते कुठे लिहिलंय?” खरंच लिहायचं राहिलं होतं. विसरभोळेपणा म्हणजे असमर्थता नव्हे, आणि ती होती हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात पडेल.

करार नोंदवलेला आहे का, तेही विचारा. महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची असते. नोंदणी न करता नुसत्या स्टँपवर सह्या असतील तर मालक फार ताणणार नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडून त्यांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा, पोच घ्या. भाषा मऊ ठेवा, डिपॉझिट अजून त्यांच्याकडेच आहे.